कानामागची गाठ

आमचं केस कापायचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर. आख्ख्या गल्लीची डोकी ह्यांच्या हाताखालून गेलेली, पण स्वतःच्या कानामागची गाठ ह्यांना सापडली ती इतक्या वर्षांनी, दाढीचा साबण पुसताना.

आणि वेळही कशी बघा! तेव्हाच आमचं जुनं गिऱ्हाईक, पुस्तकं बांधणारे काका, कॅन्सरने गेले होते. त्यांच्या मानेवर गाठ होती. ‘असू दे हो, दुखत तर नाही,’ म्हणून हसायचे. ह्यांनी कितीदा त्या गाठीच्या कडेने कात्री फिरवली होती. झालं! ह्यांनी मनात धरलं, आता आपला नंबर.

मी हात लावून बघितलं. कडक, गुळगुळीत, न दुखणारा उंचवटा. मीही घाबरले, खोटं कशाला बोलू? मग दुसऱ्या कानामागे चाचपलं.

‘अहो, इकडेही तस्संच आहे की!’

मला वाटलं, धीर येईल. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. ‘म्हणजे पसरलं,’ म्हणाले.

डॉक्टरांचा दवाखाना समोरच, रस्ता ओलांडला की झालं. पण विषय काढला की एकच उत्तर, ‘ते सांगतील, मग मला कळेल.’ कुणी गाठ बघेल म्हणून केसही कापून घेईनात. कान झाकले गेले, मान झाकली गेली. ‘दिव्याखाली अंधार, दादा!’ म्हणून गिऱ्हाइकं चेष्टा करायची, हे कसंनुसं हसायचे.

एका दुपारी मला दुकानात बोलावून हातात कात्री दिली. ‘शिकून ठेव. उद्या दुकान कोण चालवणार?’ मी रागारागाने शिकले, हवेतच कात्री चालवत. मग आत जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले.

त्यानंतर ह्यांनी गिऱ्हाइकांची डोकी चाचपायला सुरुवात केली. बेकरीवाल्याला गाठ. शाळेतल्या मास्तरांना गाठ. वायरमनला तर दोन्हीकडे! जेवायला आले ते घास तसाच ताटात ठेवून म्हणाले, ‘अगं, सगळ्यांना झालंय.’

आता तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडावा ना? छे! मी हळूच स्वतःच्या कानामागे हात नेला. तिथेही होती. हात खाली घेतला आणि मुकाट्याने आमटी वाढली.

ह्यांचा स्वभाव मूळचा मायाळू. एकेकाला बाजूला घेऊन सांगायचे, ‘लवकर दाखवून घ्या हो, हयगय नको.’ लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण!

आठवडा झाला नसेल, डॉक्टर स्वतःच तरातरा रस्ता ओलांडून दुकानात शिरले.

‘कोण आहे तो गाठी शोधणारा? माझ्या दवाखान्यात रांग लागलीय!’ धप्पकन खुर्चीत बसले आणि कान पुढे केला. ‘चाचपा!’

ह्यांनी चाचपलं आणि दोन पावलं मागे सरले. डोळ्यांत पाणी. ‘डॉक्टर, तुम्हालाही?’

‘अहो, हाड आहे ते! कवटीचं हाड. लहानपणापासून प्रत्येकाला असतं.’

आधी मीच हसले, इतकी की वस्तरे ठेवायच्या फळीला धरून उभी राहिले. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात त्या ह्या! माझा जीव भांड्यात पडला आणि मागोमाग ह्यांचा असा काही राग आला की विचारू नका.

डॉक्टर मात्र हसले नाहीत. ह्यांना खुर्चीत बसवून त्यांनी मान, जबड्याखाली, काखेत, सगळं नीट तपासलं. ‘ठणठणीत आहात. पण हात पुन्हा तिकडे जाईल. चाचपायचं नाही. राहवलंच नाही तर सरळ माझ्याकडे यायचं. एकट्याने सोसत बसायचं नाही.’

हात जायचाच. गेला की मी त्यात कंगवा द्यायची. ‘बाई, किती कंगवे!’ म्हणून हे वैतागायचे. दोनदा रस्ता ओलांडून गेलेही, आणि चहा पिऊन परत आले. हळूहळू कंगवे द्यायचं मीच विसरून गेले.

मग एका सुट्टीच्या दिवशी हे आपणहून खुर्चीत जाऊन बसले. ‘शिकवलंय ना तुला? काप.’

मी कात्री उचलली. आपल्यामागे दुकान चालावं म्हणून शिकवलेली कात्री पहिल्यांदा चालली ती ह्यांच्याच डोक्यावर. मग कानाशी आले. कान दुमडला, कडेचे केस उडवले, तरी ह्यांची काही हालचाल नाही. वाकून बघते तर काय, गाढ झोपलेले. बारीक घोरतसुद्धा होते. किती दिवसांनी माणूस असा झोपला होता!

उजवी बाजू फारच आखूड झाली. पण मी काही उठवलं नाही.