पेल्यातला श्वास

खाडीतल्या तिसऱ्या खाऊन उरलेल्या शिंपल्या भाजून आम्ही घरीच चुना करतो. काल त्याच चुन्याची निवळी पेल्यात घेऊन माझी लेक सुमन पपईच्या पोकळ देठाने फुंकत होती. पाणी दुधासारखं झालं.

"आपल्या श्वासातल्या वायूने पुन्हा शिंपलीचीच भुकटी झाली," ती म्हणाली. "आता नव्या निवळीत तू फुंक, आई."

चारचौघींत माझा आवाजही फुटत नाही. जाऊबाई म्हणाल्या, "फुंक गं, पेला काही हसत नाही तुला."

मी पाठ फिरवून फुंकले. आपला श्वास डोळ्यांना दिसतो, याचं इतकं नवल वाटलं की थांबायचं सुचेना. बघते तर पांढरं झालेलं पाणी पुन्हा नितळ. मुलीचा प्रयोग बिघडवला, असं वाटून मी पेला खाली ठेवला.

सुमन मात्र खूश. "वायू फार झाला, म्हणून भुकटी विरघळली. समुद्राचंही असंच असतं. हा वायू हवेतून त्याच्या पाण्यात विरघळतो. बेताचा असला तर शिंपल्या धरतात, फार झाला तर झिजतात."

आज खाडीत तिसऱ्या काढताना पाण्यावर वाकले होते. माझाही श्वास यात मिसळत असेल, एखाद्या शिंपलीत बसत असेल. कुणी बघत नाहीसं पाहून मी हळूच फुंकले, बेताने.

"एवढी खाडी कधी पांढरी करणार गं?" मागून जाऊबाई म्हणाल्या.

मी पलीकडच्या काठाला ऐकू जाईल एवढं हसले.