फोटोतून पुसलेली जाळी

धाडकन! तीस वर्षांपूर्वी भोसरीच्या शेडमध्ये पत्रा कापायची प्रेस खाली आली, तो आवाज अजून माझ्या कानात आहे. त्या प्रेसपुढे जाळी नव्हती. माझ्या सोबत्याची, नामदेवची, दोन बोटं गेली. तेव्हापासून मशीनपुढची पिवळी जाळी मला देवासारखी. आणि तीच मी माझ्या हाताने काढली! कशी ते सांगतो, पण जरा दमानं. मला भराभर बोलता येत नाही.

माझा सुनील चाकणला एका छोट्या प्रेस शॉपमध्ये सुपरवायझर आहे. खंडेनवमीला मशीनची पूजा होती. नारळ फोडायला मला बोलावलं. मी फोटोही काढला. पण त्यात काय काय आलं! झाडू, तेलाचा डबा, कुणाच्या तरी चपला.

नात गौरीने नुकतंच शिकवलं होतं, "आप्पा, नको त्या वस्तूभोवती बोट फिरवायचं. गायब!"

झाडू गेला. डबा गेला. चपला गेल्या. हात असा बसला म्हणता! मग दिसलं, झेंडूची माळ जाळीमागे झाकली गेलीय. फिरवलं बोट. जाळी गेली आणि फोनने मागची माळ आपल्या मनानेच पुरी केली. काय देखणा फोटो! सुनीलने मलाही घेतलं होतं, त्या कंपनीच्या ग्रुपवर टाकला.

त्या ग्रुपवर या शॉपचा माल घेणाऱ्या मोठ्या कंपनीच्या सेफ्टी मॅडमही आहेत, हे मला कुठं ठाऊक?

दहा मिनिटांत सुनीलचा फोन वाजला. पोराचा चेहरा राखेसारखा झाला.

"आप्पा, मॅडम निघाल्यात. जाळी काढून प्रेस चालवता म्हणे. काम बंद करणार. माझी नोकरी गेली!"

"आरं, जाळी हाय की जागेवर!"

"फोटोत कुठंय?"

मी तिथंच नारळाच्या पोत्यावर बसलो.

तासाभरात मॅडम आल्या. हेल्मेट, फाइल, कपाळावर आठी. जाळी हलवून बघितली.

"फोटो टाकल्यावर बसवली असेल."

"न्हाई वो मॅडम, म्या पुसली व्हती!"

"लोखंडाची जाळी? पुसली?"

"फोनात."

मॅडम सुनीलकडे वळल्या. "वडिलांना पुढे करताय होय?"

मग मलाच उठावं लागलं. म्हटलं, "थांबा, तुमच्यासमोरच पुसून दावतो."

मॅडम जाळीशेजारीच उभ्या होत्या. तसाच फोटो काढला. माझं बोट जाड, गोल जरा मोठाच झाला. दाबलं.

जाळी गेली. आणि मॅडमही गेल्या! हेल्मेट, फाइल, आठी, सगळं साफ. खाली नुसते दोन काळे सेफ्टी बूट उभे.

सुनीलने डोळे मिटले. मागं कुणीतरी हसू गिळलं. आता काय, पोरगाही माझ्यासारखा घरी!

मॅडमनी फोन हातात घेतला. एकदा फोटोकडे, एकदा जागेवरच्या जाळीकडे बघितलं. मग फाइल उघडली, 'काम बंद' लिहिलेल्या ओळीवर काट मारली, सही केली आणि कागद सुनीलच्या हातात दिला.

माझ्या जिवात जीव आला. गप बसावं की नाही माणसानं? जन्मभर कमी बोललो, आणि तेव्हाच नेमकी जीभ सुटली.

"मॅडम, बूट ऱ्हायल्यात अजून. तेबी पुसू का?"

मॅडमनी फोन माझ्या हातात ठेवला आणि त्या गेटकडे चालू लागल्या.