खड्डा की खोली

धरणगावच्या आमच्या शेताशेजारी कमी किरणोत्सारी कचऱ्याची जागा होणार, अशी बोलवा उठली. म्हणून मी देवपूरच्या घराशेजारच्या आबांना शेतावर नेलं. अशा जागांचे आराखडे तपासण्यात त्यांची सारी नोकरी गेली. दर वाक्याआधी ते घसा खाकरतात.

"खड्ड्यात पुरलं तर गळती दिसत नाही, भाऊ. वर सिमेंटची खोली बांधली तर दिसते, पण पिढ्यानपिढ्या राखण लागते."

"मग इथं काय बरं?"

त्यांनी तांब्यातलं पाणी काळ्या मातीच्या भेगेत ओतलं आणि जमिनीला कान लावला.

"आबा, काय करताय?"

"पाणी कुठं जातं ते ऐकी ऱ्हायनू."

बराच वेळ ते उठले नाहीत.

तिथं अजून काहीच पुरलेलं नाही, तरी आमच्या विहिरीचं पाणी मी उकळून पितो. उकळून किरणोत्सार जात नाही, हे मला ठाऊक आहे.