स्टँडबाय

मंडळी, आज दुपारी घरात जे झालं ते सांगतेय. हवं तर शिव्या घाला.

नव्वदच्या दशकात बुवापाड्यात आमच्या पप्पांकडे उल्हासनगरातून जोडून आणलेला रेडिओ होता. त्यावर विमानाचे पायलट आणि विमानतळावरच्या कंट्रोलरचं बोलणं लागायचं. पप्पा त्यातून दोनच गोष्टी शिकले. कंट्रोलरने सांगितलेलं पायलटने जसंच्या तसं परत म्हणायचं. आणि ‘स्टँडबाय’ म्हणजे मी बोलेपर्यंत गप्प थांबायचं.

मग घरातले कंट्रोलर पप्पा. "चहा, साखर कमी, पाच मिनिटांत." आईने तेच परत म्हणायचं, पाहुण्यांसमोरसुद्धा. शब्द चुकला की पहिल्यापासून. आम्ही पोरं हसायचो. एकदा ती तापाने फणफणलेली, दवाखान्यात चला म्हणाली. "स्टँडबाय," म्हणून पप्पा मॅच बघत बसले.

आता पप्पांना लकवा झालाय, जीभ जड झालीय. आज त्यांनी पाणी मागितलं.

"नीट ऐकू नाही आलं, परत बोला," मेथी निवडत आई म्हणाली.

चौथ्यांदा शब्द अगदी स्पष्ट आला. "पाणी."

"स्टँडबाय," आई म्हणाली. जुडी संपेपर्यंत तिने मान वर केली नाही.

तांब्या माझ्या हाताशीच होता. मीही मेथी निवडत राहिले. खरं सांगा, तुम्ही उठला असतात?