नववीचा मराठी वर्ग

रघुनाथराव धोटे मास्तर सौंसरच्या हायस्कुलात भूगोल शिकवत आणि नकाशा कधी पुस्तकात पाहून काढत नसत. पोरांशी बोलता बोलता खडू फिरवायचे आणि फळ्यावर देश उभा राहायचा. छप्पन सालानंतर मात्र त्यांच्या नकाशात आणि सरकारच्या नकाशात एक फरक पडला. मास्तरांची मराठी मुलखाची रेघ नागपूरच्या वर थांबत नसे. सौंसर आणि पांढुर्णा पोटात घेऊन ती थेट सातपुड्याच्या घाटाला जाऊन भिडे. एखादं आगाऊ पोट्टं म्हणायचंच, "गुरुजी, पुस्तकात तर असं नाही." मास्तर म्हणत, "पुस्तक मागं राहिलं बापा. आपण पुढं चाललो."

यात हसण्यासारखं काही नाही, कारण तेव्हा सगळं सौंसर असंच बोलत होतं. मास्तर मोहगावच्या शेतकऱ्याच्या घरातले, घराण्यातले पहिले बी. ए., तेही नागपुरात राहून झालेले. त्या वेळी नागपूर राजधानी होती. कॉलेज नागपुरात, कोर्ट नागपुरात, दवाखाना नागपुरात, संत्री तिथंच विकायची आणि सोयरिकीही तिथल्याच. मग राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेलं, सौंसर मध्य प्रदेशात राहिलं आणि राजधानी भोपाळ झाली. भोपाळ कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. ज्यांनी ही रेघ मारली त्यांनी तरी सौंसर पाहिलं होतं की नाही, देव जाणे. पण ही चूक आहे आणि चूक दुरुस्त होते, असा लोकांचा भाबडा विश्वास होता. ठराव होत, तारा जात, आणि दर ओट्यावर एकच बोलणं चाले: आणखी दोन वर्षं, मग आपण महाराष्ट्रात. सगळ्यांत मोठ्या आवाजात ते मास्तर बोलत. सभा म्हटली की त्यांना तहानभूक राहत नसे.

सत्तावन सालच्या उन्हाळ्यात सरकारची नवी योजना आली. हायस्कूलचं हायर सेकंडरी होणार, नववीपासून शाखा वेगळ्या होणार, पोरं शाळेतूनच डॉक्टरी, इंजिनियरी, शेतकी कॉलेजच्या तयारीला लागणार. योजना वाईट नव्हती, हे कबूल केलंच पाहिजे. खोट होती ती आमच्या नशिबात. सायन्सचे मास्तर आले ते जबलपूर-सागरकडून, आणि ते हिंदीत शिकवणार. मराठीत सायन्स शिकवणारे सगळे नागपूरच्या बाजूला राहून गेले होते. तेव्हा या शाळेत सायन्स फक्त हिंदी वर्गाला. मराठी वर्गाला भाषा, इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र. आठवी पास झालेल्या पोरांच्या बापांनी काय ते ठरवायचं.

शाळेच्या पटांगणात पालकांची सभा बसली. हेडमास्तर दुबे नुकतेच जबलपूरहून आलेले, मवाळ माणूस. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं, पण हिंदीत. लोक ऐकत होते आणि बघत होते मास्तरांकडे. शेवटी मोहगावचा कवडू उठला. त्याच्या सुरेशचं गणित इतकं पक्कं की बाजारात व्यापारीसुद्धा त्याच्यासमोर गडबड करायला कचरत. कवडू म्हणाला, "आम्ही अडाणी माणसं. मास्तर, तुमीच सांगा. तुमी म्हणसान तसं."

मास्तर उभे राहिले. असे बोलले की कडुनिंबावरचे कावळेसुद्धा गप्प झाले असतील. म्हणाले, आज पोरं हिंदीत घातली तर उद्या सरकार म्हणेल, इथं मराठी शिकतंयच कोण? मग हा मुलूख कुठल्या तोंडानं मागायचा? दोन वर्षं कळ काढा. महाराष्ट्रात गेलो की सायन्सही मराठीत येईल आणि नागपूरची कॉलेजं आपलीच आहेत. टाळ्या पडल्या. कवडूनं सुरेशचं नाव मराठीत घातलं, आणि त्याच्या मागोमाग बहुतेकांनी.

बायकांच्या बाजूला मास्तरांची मुलगी प्रतिभा उभी होती. तीही आठवी पास झालेली. तिला डॉक्टरीण व्हायचं होतं आणि ही गोष्ट गावात कुणापासून लपलेली नव्हती. शाळा सुटली की ती सरकारी दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसे आणि कंपाउंडर जखमा कशा धुतो ते पाही. गोठ्यातल्या कालवडीचा पाय मोडला तेव्हा तिनं बांबूच्या कामट्या लावून, मास्तरांचं धोतर फाडून तो बांधला होता. घरी पाव्हणे आले आणि पोरगी मोठी झाली असं कुणी म्हणालं की ही म्हणे, "मी डॉक्टरीण होणार आहे, मले घाई नाही." सभेत ती बापाकडे टक लावून पाहत होती. मास्तरांचं तिकडे लक्षच नव्हतं.

संध्याकाळी दुबे स्वतः घरी आले. ओट्यावर बसले, पाणी प्याले आणि हळूच म्हणाले, "रघुनाथजी, सभा हो गयी. अब बेटी की बात करें. उसे मेरे साइन्स क्लास में दे दीजिए. हिंदी मैं सिखा दूँगा." मास्तरांचा चेहरा पडला. पाहुण्याला ते वेडंवाकडं बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "सर, आज पूरे गाँव को मराठी में डाला. कल मेरी ही लड़की हिंदी में दिखेगी, तो मैं बाजार से कैसे निकलूँगा?" दुबे नमस्कार करून उठले.

ते गेल्यावर देवकाबाईंनी स्वयंपाकघरातून बाहेर येऊन नवऱ्याला धारेवर धरलं. ही बाई कधी आवाज चढवत नसे. त्या दिवशी चढवला. "अवो, लोकायच्या पोरायची काळजी करून राहिले, घरच्या पोरीचं काय? तुमची मान खाली जाईन म्हणून तिचा जन्म वाया घालवता का?"

"दोनच वर्षांचा सवाल आहे," मास्तर म्हणाले.

"अन् नाही झालं दोन वर्षांत तं?"

"होईन. काऊन नाही होणार?"

देवकाबाईंनी पुढं वाद घातला नाही. त्या शनिवारी जामसांवलीला जाऊन मारुतीपुढं बसून आल्या. काय मागितलं ते त्यांनी सांगितलं नाही, पण न सांगताही कळण्यासारखं होतं. मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांचा त्या दोन वर्षांवर खरोखरच विश्वास होता, आणि हेच जास्त वाईट. खोटं बोलणाऱ्या माणसाशी भांडता तरी येतं.

प्रतिभा मराठी वर्गात बसली. शेजारच्या खोलीत हिंदी वर्गाची प्रयोगशाळा झाली. काचेच्या नळ्या आल्या, स्पिरिटचे दिवे आले, बेडूक आले. मधल्या सुट्टीत ती खिडकीशी उभी राहून बघायची. पहिल्या वर्षी रोज, दुसऱ्या वर्षी कधीमधी. मग तिनं तिकडे जाणं सोडलं. दवाखान्याची पायरीही सुटली. डॉक्टरीण होणार असं म्हणायचं तिनं कोणत्या दिवशी बंद केलं, ते घरात कुणाच्याच ध्यानात आलं नाही. पोरगी शहाणी झाली, एवढंच लोक म्हणाले. भूगोलात मात्र तिला पैकीच्या पैकी मार्क मिळत, आणि मास्तरांना त्याचं केवढं कौतुक!

अकरावीची परीक्षा झाली आणि साठ सालचा एक मे उजाडला. महाराष्ट्र झाला. बसस्टँडजवळच्या हॉटेलात रेडिओभोवती मुंगीला शिरायला जागा नव्हती. मुंबईतल्या मिरवणुकीचं वर्णन चाललं होतं. नागपूरहून आलेल्या बसला झेंडूच्या माळा होत्या आणि ड्रायव्हर उतरून पेढे वाटत होता. मास्तर शेवटपर्यंत उभे राहून ऐकत होते. जिल्ह्यांची नावं आली तशी त्यांनी ऐकली आणि नावं संपली तरी ते तिथंच उभे होते. त्यांच्या मुलखाचं नाव त्यात नव्हतं. कुणीतरी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. तो तसाच मुठीत धरून ते घरी आले, ओसरीवर बसले आणि लहान मुलासारखे रडले. देवकाबाईंनी त्यांना उठवून हात धुवायला लावले.

दुसऱ्या दिवशी ते दुब्यांकडे गेले. आता मुलीला सायन्स घेता येईल का? दुबे म्हणाले, येईल, पण पुन्हा नववीपासून. मास्तर नागपूरला जाऊन आले. ज्या कॉलेजात त्यांची उमेदीची वर्षं गेली तिथल्या खिडकीतल्या कारकुनानं आधी विचारलं की मुलीनं सायन्स घेतलंय का, आणि मग विचारलं की राहणार कुठले. दोन्ही उत्तरं ऐकून त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं. यातलं काही मास्तरांनी प्रतिभेला सांगितलं नाही. ती अकरावी फर्स्ट क्लासात पास झाली. घरात पुरण शिजलं आणि सगळे मान खाली घालून जेवले.

प्रतिभेनं छिंदवाड्याला मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं. आधी पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेत लागली, पुढं बदली होऊन सौंसरला सहावीच्या मराठी वर्गावर आली. बापाशी तिचं वागणं नेहमीसारखंच होतं. वेळेवर चहा, वेळेवर औषध, संध्याकाळी पेपर वाचून दाखवणं. मास्तर आता रिटायर झाले होते, डोळ्यांनी कमी दिसे. सभांना जाणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. पोरीच्या मनात काही नाही अशी त्यांनी स्वतःची समजूत घालून घेतली होती, आणि ती समजूत नीट बसत नव्हती.

अशाच एका रविवारी दुपारी कवडू आला. बरोबर त्याची धाकटी मुलगी छाया होती, पाचवी पास झालेली. आता भाषा सहावीलाच निवडावी लागे, आणि पुढचं सायन्स अजून हिंदीतच होतं. कवडूचा सुरेश, तो गणिती पोरगा, संत्र्याच्या वखारीत पेट्या ठोकत होता. ते सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे कुणी त्याची चौकशी केली नाही. कवडूनं हात जोडले.

"मास्तर, छायीले कोन्त्या वर्गात घालू? मराठीत का हिंदीत? तुमी म्हणसान तसं."

या माणसानं चार शिव्या दिल्या असत्या तर मास्तरांना बरं वाटलं असतं. इतकं होऊन हा पुन्हा त्यांनाच विचारत होता, आणि खऱ्या श्रद्धेनं विचारत होता. ते नुसतेच उपरण्यानं तोंड पुसत राहिले.

प्रतिभा आतल्या दारात वह्या तपासत बसली होती. ती उठून बाहेर आली आणि कवडूला म्हणाली, "काका, छायाले विचारलं का?"

"तिले काय विचारायचं बाई? लेकरू हाय ते."

प्रतिभा खाली बसली आणि मुलीचा हात धरला. "काय व्हायचं आहे तुले?"

छाया बापाकडे पाहू लागली, मग जमिनीकडे. हळूच म्हणाली, "नर्सबाई."

"मग हिंदीत घाला काका. उद्याच या, मी बरोबर येतो."

कवडू घोटाळला. "पण बाई, पोरी सगळ्या तिकडंच गेल्या तं तुमचा वर्ग नाही का बंद पडणार?"

"पडला तं पडला. वर्गासाठी पोरगी नसते काका."

कवडू मुलीला घेऊन गेला. ओसरीवर बाप-लेक दोघंच राहिले. देवकाबाई आत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण त्या बाहेर आल्या नाहीत. इतक्या वर्षांत मास्तरांना जे बोलता आलं नव्हतं ते एकदाचं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं.

"प्रतिभा, मी तुले विचारलं नव्हतं."

"हाव बाबा. नव्हतं विचारलं."

तिनं सारवासारव केली नाही. जाऊ द्या, झालं गेलं, असं ती काहीतरी म्हणेल म्हणून मास्तर थांबले होते. मग त्यांनीच विचारलं, "विचारलं असतं तं काय म्हणाली असतीस?"

प्रतिभेनं थोडा विचार केला. उत्तर खरं असावं म्हणून ती विचार करत होती, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"तुमी म्हणसान तसं, असंच म्हणली असती," ती म्हणाली. "पण ते मी म्हणली असती ना बाबा."