पियानोवरची सावड

सन १९३६, भादवा सरत आलेला. उडीद-मूग घरात आला होता, ज्वारीची पेरणी व्हायची होती. त्या दिवसांत मी जालन्याला पियानो शिकायला गेलो.

किस्से कोणी जमवत नाही. एका खोलीत चार माणसं आणि एक वाद्य कोंडलं, की कापसातल्या सरकीसारखे ते मागे उरतात. लोक विचारतात म्हणून सांगतो. माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला सजवून सांगता येत नाही, आणि येत असतं तरी सांगितलं नसतं.

मिशनच्या आवारात मास्तर तयार करायचं विद्यालय होतं, त्यात गाण्याचा एक वर्ग. वर्गात एक पियानो, एक मडम आणि आम्ही तिघं. शिमोन तिथल्याच पाळकाचा मुलगा. युसूफ जालन्याचाच, घरची पेरूची बाग. आणि मी, बदनापूरकडचा कुणब्याचा पोर, गावच्या भजनात पेटी वाजवणारा. परीक्षा माघात. पास होईल त्याला शाळेत गाण्याच्या मास्तरची जागा. मधेच घरी जाऊन बसेल त्याचं नाव कमी.

निघताना आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "कापूस फुटंस्तोवर जाय. मंग बघू."

कापूस कोणाच्या परीक्षेसाठी थांबत नाही. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

*

पहिल्या दिवशी मडमनं मला पियानोपुढं बसवलं. "आपणास जे येते ते वाजवा." मडमची मराठी पुस्तकातली. ती आवारातल्या कुत्र्यालाही 'आपण' म्हणायची.

मी अभंगाची चाल धरली. उजवा हात बरोबर चालला. डावा उठून पियानोच्या वर गेला आणि हवेत मागं-पुढं होऊ लागला.

मडमनं पियानोच्या मागं जाऊन पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. "रंगनाथराव, आपला डावा हात कोणाला बोलावीत आहे?"

"भाता मारून राह्यलो, बाई."

"येथे भाता नाही."

"मंग वारा कुठून येतो?"

शिमोननं झाकण उघडून मला आतल्या तारा दाखवल्या. वारा लागत नाही हे मला त्याच दिवशी पटलं. हाताला पटायला दिवाळी उजाडली.

*

युसूफ उर्दू शाळेत शिकलेला. आमच्यात वाचनाला सगळ्यात जलद तो, आणि त्याला ते माहीत होतं. मडमनं त्याला पाच रेघांवरच्या टिंबांचा एक धडा घरी बसवायला दिला. आठवड्यानं त्यानं तो वाजवून दाखवला. कुठं अडला नाही, कुठं चुकला नाही.

मडम मान कलती करून ऐकत होती. "हे कोणते गीत आहे?"

"आपनेच दिये सो सबक है, मेमसाब."

मडमनं पुस्तक पाहिलं, युसूफकडं पाहिलं, पुन्हा पुस्तक पाहिलं. शिमोन खोकत बाहेर गेला.

"आपण प्रत्येक ओळ उजवीकडून डावीकडे वाजविली."

"हौ. लिखाई उदरसेच तो शुरू होती."

"ही डावीकडून सुरू होते."

युसूफनं बराच विचार केला. मग म्हणाला, "तो लिखनेवाले को समझाना था."

मडमनं त्याला तोच धडा तसाच आणखी एकदा वाजवायला लावला. "हेही बरे वाटते," ती म्हणाली.

*

गाण्यात मधे-मधे हात थांबवायच्या जागा असतात. तिथं एक खूण असते. मडमनं माझ्या धड्यात तिच्यावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "येथे विश्रांती घ्या."

मी तिथवर वाजवलं. उठलो. ओसरीत माठ होता, पाणी प्यालो, जरा झाडाखाली उभा राहिलो आणि येऊन पुढची ओळ सुरू केली.

"आपण कोठे गेला होता?"

"विश्रांतीला गेल्तो."

"रंगनाथराव, ही विश्रांती एका टाळीची आहे."

"एका टाळीत तर माणूस उठत बी न्हाई, बाई."

त्यानंतर धडा कोणताही असो, युसूफ आधी पानभर नजर फिरवायचा आणि मला सांगायचा, "रंगू, आज माठ भरके रखना पडता. तीन जगह है."

*

पियानो एक आणि आम्ही तिघं. म्हणून मी एका फळीवर कोळशानं आणि चुन्यानं पट्ट्या काढल्या, पांढऱ्या-काळ्या, पियानोवर असतात तशा. दिवाळीला गावी जाताना ती सोबत नेली. सकाळी ओसरीत बसून बोटं चालवत होतो.

शेजारचे कोंडिबाकाका आले. समोर बसले. बराच वेळ ध्यान देऊन ऐकत राहिले.

"काय करून राह्यला, रंगनाथ?"

"पियानो वाजवून राह्यलो, काका."

"आवाज येईना."

"येत न्हाई."

"किती दिस झाले शिकून?"

"सव्वा म्हयना."

"मंग येईल," काका म्हणाले, आणि त्यांनी बिडी पेटवली. "सव्वा म्हयन्यात कोणाला येतो?"

आबांनी फळी हातात घेतली, उलटी करून पाहिली. "बाभळीची हाय," म्हणाले.

*

दिवाळीनंतर निरोप आला. कापूस फुटला, ये. वेचणाऱ्या बाया शहरात जिनिंगच्या कामाला गेल्या होत्या, हात मिळत नव्हते.

मी मडमला सांगितलं. तिनं विचारलं, किती दिवस. मी म्हणालो, वेचणी सरेपर्यंत. ती म्हणाली, मग परीक्षा नाही. मी म्हणालो, नाही. मडमनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "शनिवारी वर्ग शेतात भरेल."

शनिवारी मडम, शिमोन आणि युसूफ गाडीनं बदनापूरला उतरले आणि चालत आमच्या रानात आले. शिमोन काळा कोट घालून आला होता. दुपारपर्यंत तो पांढरा झाला. युसूफ दोन ओळी धरून सपासप वेचत गेला. त्यानं रान उजवीकडून सुरू केलं, पण रानाला चालतं.

मडम टोपी घालून, कमरेला ओटी बांधून उभी राहिली. तिला कापूस निघेना, बोंडच हातात यायचं, पानासकट. प्रत्येक वेळी ती म्हणायची, "क्षमा करा."

आबा बांधावर माझ्याजवळ आले. "कोणाला म्हणून राह्यल्या त्या?"

"झाडाला म्हणत असतील."

आबा तिच्या मागं गेले. "मडमबाई, बोंड राहू द्या. कापूस घ्या."

"क्षमा करा," मडम म्हणाली.

दिवस मावळताना तिच्या ओटीत पाचोळा जास्त होता आणि कापूस कमी. मी हसलो. आबा हसले नाहीत. "वाकली ना ती दिवसभर? मंग सावड ती सावड."

आमच्यात सावड असते. आज तुम्ही आमच्या रानात, उद्या आम्ही तुमच्या. हाताला हात. कोणी किती काढलं हे पाहायचं नसतं. पण ती अंगावर ठेवून माणूस गावात मान वर करत नाही.

मी आबांना विचारलं, "माझं काय?" रान अजून अर्धं वेचायचं होतं.

"आत्ता ह्यांच्यासंगं जाय. मी येतो."

*

आबा आले. पण आधी युसूफच्या बागेत. दिवसभर त्यांनी पेरूंची आळी खणली. युसूफच्या वडिलांनी चहा पुढं केला, तो काम उरकल्यावर घेतला. पुन्हा आले ते शिमोनच्या घरी. त्याच्या आईला हिवाळाभर पुरेल एवढी लाकडं फोडून दिली. दोन्ही वेळा मला भेटले नाहीत. मला दुसऱ्यांकडून कळलं.

तिसऱ्या वेळी सकाळी ते वर्गाच्या दारात उभे राहिले. मला वेचणीला न्यायला आले, हे मी समजलो. खोलीवर गेलो, वळकटी बांधली, आणून दाराशी ठेवली.

आबांनी पायताण बाहेर काढलं. "मडमबाई, तुमची सावड ऱ्हायली."

मडमनं शिमोनकडं पाहिलं. शिमोननं तिला सावड समजावली.

"त्याची आवश्यकता नाही," मडम म्हणाली.

"तुम्हाला नसंल. मला हाय. काम सांगा."

"येथे शेत नाही, आबासाहेब."

आबांनी पियानोकडं हात केला. "मंग हे काय हाय? पोरगं तर ह्याच्यातच राबतंय म्हणं."

ताल धरायला मडम रोज स्वतः टेबलावर रूळ आपटायची. तो तिनं बाजूला ठेवला. बाकड्याच्या डाव्या टोकाला आबांना बसवलं, त्यांचं बोट धरून अगदी कडेच्या पट्टीवर ठेवलं. "येथे. आम्ही वाजवू तोवर. सारख्या चालीने."

आबांनी पट्टी दाबली. विहिरीत दगड पडावा तसा आवाज आला. आबांनी बोटाकडं पाहिलं. मग पुन्हा दाबली.

शिमोन बसला. त्याचं गाणं नाचरं होतं. आबांची चाल औताची होती. शिमोन दोनदा पुढं पळाला, दोनदा मागं आला, आणि मग औतामागं चालू लागला. मडम त्यांना जल्दी करा म्हणाली नाही. शिमोननंतर युसूफ. युसूफ बसताना म्हणाला, "आबा, जरा तेज लेते क्या?"

"बैल मरंल," आबा म्हणाले.

दुपारी आबांनी ओसरीत बसून आपली भाकर खाल्ली, हात धुतले, पुसले, आणि परत येऊन बोट पट्टीवर ठेवलं.

मग माझी पाळी आली. मी त्यांच्या शेजारी बसलो. त्या बाकड्यावर दोघांना जागा कमी होती. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मला परीक्षेचं सगळं येत नव्हतं, जेवढं येत होतं तेवढं वाजवलं. दोन ठिकाणी अडलो. आबा थांबले नाहीत. मी त्यांना गाठलं.

ऊन खिडकीतून उतरलं तेव्हा मडमनं पियानोवर हात ठेवला. "झाले."

आबा उठले. पटक्याच्या शेवानं त्यांनी ती कडेची पट्टी पुसली.

"फिटली?" त्यांनी मडमला विचारलं.

"फिटली," मडम म्हणाली.

आबांनी पायताण घातलं, दारातली माझी वळकटी ओलांडली आणि एकटेच स्टेशनाकडं निघाले.