आडी महिना कळणारा संगणक

आमच्या गल्लीतल्या इंजिनिअरणीच्या धाकाने कुंभकोणमचे डाससुद्धा रांगेत चावतात. आडुतुरैजवळ तिला एकसारख्या घरांची लांबलचक रांग बांधायची होती. पाये झाले होते. आता चौकटवाले पुढे, गवंडी मागे, गिलावेवाले त्यांच्याही मागे, असं वेळापत्रक तिने संगणकावर बसवलं. हवेत बोटाने वेळापत्रकाची तिरकी रेघ ओढत ती मला सारखी म्हणे, "मामा, कामगारांची टोळी रिकामी बसली की पळाली!"

पण संगणकाने दारांच्या निम्म्या चौकटी नेमक्या आडी महिन्यात टाकल्या, ज्यात आमच्याकडे कुणी शुभकार्य करत नाही. मेस्त्री गरजला, "आडीत दार बसवायचं? अम्मा, त्या घरात भूतसुद्धा राहायला येणार नाही!" आणि काम थांबलं, की टोळ्या दुसऱ्या कामासाठी थेट कोइमतूर गाठणार.

ती हसली. तिने संगणकाला आडी शिकवला आणि साऱ्या चौकटी आडीआधीच्या मुहूर्तावर ओढल्या. एकाच सकाळी इतकी दारं उभी राहिली, की कुठल्यातून उगवावं हे सूर्याला कळेना! आडीभर भिंती चढत गेल्या, एकही टोळी हलली नाही.

पुण्याच्या पाहुण्याने विचारलं, "संगणकाला आडी कसा कळतो?"

मी छाती फुगवून म्हणालो, "आमच्या गल्लीत राहतो ना तो!"